ल्युपसच्या रुग्णाला दाखल करावे लागते तेव्हा : घरची तयारी आणि वॉर्डातील दक्षता

ल्युपस, म्हणजे वैद्यकीय कागदावर एसएलई म्हणून लिहिला जाणारा आजार, हा शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उलटल्याने होतो. दर दहा रुग्णांमागे साधारण नऊ स्त्रिया असतात आणि त्यांतील बहुतेकींना तो १५ ते ४५ या वयात गाठतो. आजाराची बहुतेक वर्षे गोळ्या घेत आणि ओपीडीत तपासण्या करत घरीच जातात. तरीही रुग्णालयात दाखल होण्याची वेळ अनेकींवर केव्हा ना केव्हा येते. तिची दोन कारणे सर्वांत मोठी आहेत : आजाराने अचानक उसळी घेणे आणि जंतुसंसर्ग होणे. रक्ताच्या गुठळ्या, हृदयविकार, गरोदरपणातील गुंतागुंत आणि औषधांचे दुष्परिणाम ही कारणे त्यांच्यामागोमाग येतात.

अडचण अशी की ही पहिली दोन कारणे वरवर पाहता एकसारखी दिसतात आणि त्यांचे उपचार मात्र विरुद्ध दिशेने जातात. उसळी असेल तर प्रतिकारशक्ती दाबावी लागते, संसर्ग असेल तर तिला दाबणारी औषधे कमी करावी लागतात. रात्री अकरा वाजता कॅज्युअल्टीत रुग्णाला प्रथमच पाहणाऱ्या डॉक्टरांना हा निर्णय थोड्या वेळात घ्यायचा असतो, आणि तो बराचसा घरून आलेल्या माहितीवर अवलंबून असतो. म्हणून या लेखात आजाराच्या वर्णनापेक्षा त्या माहितीला आणि ती वेळेवर पोहोचवण्याच्या रीतीला अधिक जागा दिली आहे.

एक पानी कागद

वर्षानुवर्षांच्या रिपोर्टांनी फुगलेली फाईल घरी असणे चांगले, परंतु आणीबाणीत ती कोणी उलगडून वाचत नाही. त्या फाईलच्या वर एकच पान लावावे आणि त्याचा फोटो घरातील किमान दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवावा. निदान कोणत्या वर्षी झाले, आजवर कोणते अवयव बाधित झाले आणि किडनीची बायोप्सी झाली असल्यास तिचा वर्ग कोणता आला, हे सुरुवातीला लिहावे. त्याखाली सध्याची औषधे मूळ नावाने लिहावीत, कारण कंपनीची नावे दुकानागणिक बदलतात आणि "सकाळची पिवळी गोळी" या वर्णनाने कोणालाच काही कळत नाही. स्टिरॉइडबाबत आजची मात्रा पुरेशी नाही. गेल्या काही महिन्यांत ती किती होती आणि केव्हा कमी केली, हेही लिहावे.

या पानावर सर्वाधिक उपयोगाची ठरणारी, पण बहुतेक वेळा गाळली जाणारी गोष्ट म्हणजे रुग्ण बरी असतानाचे आकडे. हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, क्रिएटिनिन (किडनीचे काम दाखवणारा आकडा), लघवीतील प्रथिनांचे प्रमाण, सी-३ आणि सी-४ (उसळीत घटणारी रक्तातील प्रथिने) यांची शेवटची स्थिर मूल्ये तारखेसह नोंदवावीत. क्रिएटिनिन १.२ आले तर प्रयोगशाळेच्या कागदावर त्यापुढे कदाचित कोणतीही खूण नसेल. परंतु जिचे क्रिएटिनिन एरवी ०.६ असते तिच्या बाबतीत ते दुप्पट झालेले आहे, आणि ही बाब केवळ जुन्या आकड्याशी ताडून पाहिल्यावरच लक्षात येते. त्याचप्रमाणे एखादीच्या पांढऱ्या पेशी वर्षभर तीन हजारांच्या आसपासच राहत असतील, तर ते ठाऊक नसलेल्या डॉक्टरांना त्याच संख्येत नवे संकट दिसू शकते.

अ‍ॅलर्जीच्या रकान्यात सल्फा गटातील औषधांचा वेगळा उल्लेख करावा. ल्युपसच्या रुग्णांना या औषधांची अ‍ॅलर्जी इतरांपेक्षा अधिक प्रमाणात होते आणि कधी कधी त्यांमुळे आजारही उसळतो. पूर्वी पुरळ आले असेल तर ते ठळक लिहावे. अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडांची तपासणी झाली असल्यास तिचा निकालही लिहावा. ही प्रतिपिंडे असलेल्यांच्या रक्तात गुठळ्या होण्याची प्रवृत्ती असते. मात्र त्यांच्यामुळे एपीटीटी नावाची रक्त गोठण्याची चाचणी उलट लांबलेली येऊ शकते आणि माहिती नसेल तर रुग्णाला रक्तस्रावाचा धोका आहे असा नेमका विपरीत समज होऊ शकतो. याच प्रतिपिंडांमुळे गुप्तरोगासाठी होणारी व्हीडीआरएल चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. शस्त्रक्रियेपूर्वी किंवा गरोदरपणी ही चाचणी नेहमीच्या तपासण्यांत केली जाते, तेव्हा घरात नाहक संशयाचे वातावरण होऊ नये म्हणून नवराबायको दोघांनाही हे आधी ठाऊक असलेले बरे.

शेवटी नेहमीच्या संधिवाततज्ज्ञांचे नाव व दूरध्वनी क्रमांक लिहावा आणि अडीअडचणीला फोन केला तर चालेल का, हे एखाद्या शांत दिवशी ओपीडीतच विचारून घ्यावे.

केव्हा थांबू नये

छातीत दुखणे, धाप लागणे, एकाच पायाला सूज येऊन तो दुखू लागणे, फीट येणे, बोलण्यात किंवा वागण्यात अचानक बदल होणे, एका बाजूची शक्ती जाणे, लघवी अगदी कमी होणे, काळी शौच होणे, ही लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक आहे. छातीतील दुखण्याबाबत एक इशारा आवश्यक आहे. तरुण स्त्रीला हृदयविकाराचा झटका कसा येईल, असा प्रश्न घरचेच नव्हे तर कधी कधी डॉक्टरही विचारतात. ल्युपसमध्ये रक्तवाहिन्या लवकर कठीण होतात आणि ३५ ते ४४ वयाच्या ल्युपसग्रस्त स्त्रियांत हा धोका समवयस्क स्त्रियांच्या तुलनेत कित्येक पटींनी अधिक असल्याचे १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात आढळले होते. तेव्हा "अ‍ॅसिडिटी असेल" म्हणून परत पाठवले जात असल्यास ईसीजी काढण्याची विनंती नम्रपणे, पण ठामपणे करावी.

किडनीचे दुखणे मात्र गाजावाजा न करता येते. सकाळी चेहरा व संध्याकाळी घोटे सुजणे, लघवीला न विरणारा फेस येणे आणि रक्तदाब वाढणे, या खुणा दिसल्यास त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी लघवीची तपासणी करून तज्ज्ञांना कळवावे. यात वेदना नसल्यामुळे "पुढच्या भेटीत सांगू" असे म्हणणे सोपे असते आणि तेवढ्याने आठवडे वाया जातात.

उरला ताप, आणि त्याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्या रुग्णाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप आला तर पॅरासिटामॉल घेऊन दोन दिवस वाट पाहण्याची मुभा तिला नाही. थर्मामीटरने मोजलेला आकडा वेळेसह लिहून त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे. स्टिरॉइडची मात्रा मोठी असेल तर ताप दबलेला राहतो, त्यामुळे अंगात ताप नसताना थंडी वाजून हुडहुडी भरणे, नाडी जलद चालणे आणि एकाएकी गळून जाणे यांनाही तापाइतकेच महत्त्व द्यावे.

आपल्याकडे जून ते ऑक्टोबर या महिन्यांत हा प्रश्न अधिक अवघड होतो. डेंग्यूमध्ये प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी घटतात. ल्युपसच्या उसळीतही नेमके तेच होते. चिकुनगुन्यात बोटांचे सांधे सुजून आखडतात, लेप्टोस्पायरोसिसमध्ये किडनीवर परिणाम होतो, आणि दोन्हीही प्रथमदर्शनी जुन्या आजाराच्या खात्यावर जमा होऊ शकतात. पावसाळ्यात ताप आल्यास सोसायटीत किंवा गावात कोणाला डेंग्यू झाला आहे का, साचलेल्या पाण्यातून चालणे झाले होते का, हे स्वतःहून सांगावे, आणि डेंग्यू व मलेरियाच्या चाचण्यांबद्दल विचारावे. तोपर्यंत दुकानातून आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशी वेदनाशामके आणून घेऊ नयेत. ती किडनीलाही घातक आहेत आणि प्लेटलेट उतरल्या असतील तर रक्तस्रावाचा धोकाही वाढवतात.

उसळी की संसर्ग?

दाखल झाल्यावर पहिले दोन दिवस बहुतेक तपासण्या या एकाच प्रश्नाभोवती फिरतात. त्यांचा अर्थ लावणे डॉक्टरांचे काम आहे. तरीही नातेवाइकांना ढोबळ दिशा ठाऊक असल्यास राउंडच्या वेळचे बोलणे समजते आणि प्रश्न नेमके विचारता येतात.

ईएसआर व सीआरपी या शरीरातील दाह दाखवणाऱ्या रक्तचाचण्या आहेत. ल्युपसच्या उसळीत ईएसआर वाढतो, परंतु सीआरपी पुष्कळदा फारसा वाढत नाही. सीआरपी खूप चढला तर संसर्गाची शंका बळावते. या नियमाला अपवाद आहेत : हृदयाच्या किंवा फुप्फुसाच्या आवरणाला सूज असेल, किंवा सांधे फार सुजले असतील, तर उसळीतही सीआरपी वाढतो. सी-३ व सी-४ उतरणे, डीएसडीएनए (स्वतःच्या डीएनएविरुद्ध बनणारी) प्रतिपिंडे चढणे, लघवीत नव्याने प्रथिने व रक्तपेशी दिसणे, या गोष्टी उसळीकडे बोट दाखवतात. पांढऱ्या पेशी उसळीत सहसा घटतात आणि जिवाणूसंसर्गात वाढतात, परंतु स्टिरॉइडनेही त्या वाढतात, म्हणून एकट्या त्या आकड्यावर भिस्त ठेवता येत नाही. एका रिपोर्टवरून निष्कर्ष काढू पाहणाऱ्या नातेवाइकांनी, आणि मोबाइलवर रिपोर्ट पाहून सल्ला देणाऱ्या दूरच्या आप्तांनी, एवढे ध्यानात ठेवले तरी वॉर्डातील पुष्कळ वाद टळतील.

नातेवाइकांनी आवर्जून विचारावा असा प्रश्न एकच : अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वी रक्ताचे व लघवीचे कल्चर (नमुन्यात जंतू वाढवून ते ओळखण्याची तपासणी) घेतले आहे का? आधी अँटिबायोटिक गेले तर कल्चरमध्ये जंतू उगवण्याची शक्यता घटते आणि पुढील आठवडाभर अंदाजाने उपचार करावे लागतात. रुग्णाची प्रकृती गंभीर असेल तर कल्चरसाठी औषध थांबवू नये, हेही तितकेच खरे. ताप लांबल्यास क्षयरोगाचा विचार भारतात करावाच लागतो, विशेषतः तो फुप्फुसाबाहेर असू शकतो म्हणून. घरात किंवा कामाच्या ठिकाणी कोणाला क्षयरोग झाला असेल तर ती माहिती संकोचाने लपवू नये.

कधी कधी दोन्ही गोष्टी एकाच वेळी असतात, कारण संसर्गाने उसळी पेटते. त्यामुळे डॉक्टर एका बाजूने अँटिबायोटिक आणि दुसऱ्या बाजूने स्टिरॉइड देत असतील तर त्यात विसंगती आहे असे समजू नये.

कोणते औषध थांबवायचे, कोणते नाही

"एवढ्या गोळ्या आहेत, म्हणूनच ही वेळ आली, आधी सगळ्या बंद करा," हा सल्ला ल्युपसच्या घरात कोणीतरी देतोच. तो सर्वाधिक धोकादायक ठरतो स्टिरॉइडच्या बाबतीत. प्रेडनिसोलोन रोज ५ मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक, असे तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त काळ घेतले गेले तर किडनीच्या वर असणाऱ्या अ‍ॅड्रेनल ग्रंथी स्वतःचे संप्रेरक बनवणे कमी करतात. अशा रुग्णाचे स्टिरॉइड एकाएकी थांबले, किंवा उलट्यांमुळे गोळी पोटात टिकली नाही, तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते. आजारपणात शरीराला या संप्रेरकाची गरज वाढलेली असते, म्हणून डॉक्टर मात्रा तात्पुरती वाढवतात किंवा हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन देतात. रुग्ण दाखल होताच "रोज इतके स्टिरॉइड इतक्या महिन्यांपासून चालू आहे" हे वाक्य ड्युटीवरील डॉक्टरांना व सिस्टरना दोघांनाही सांगावे, आणि शस्त्रक्रियेसाठी उपाशी ठेवले असल्यास त्या दिवशीचे स्टिरॉइड शिरेतून मिळणार आहे ना, याची खात्री करावी.

हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे दुसरे औषध सहसा थांबवायचे नसते. ते प्रतिकारशक्ती फारशी दाबत नाही, उसळ्यांचे प्रमाण घटवते, आणि बंद केल्यास काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी आजार वर येऊ शकतो. दाखल असताना ते अनेकदा मुद्दाम बंद केले जात नाही. नव्या औषधपत्रकावर उतरवायचे राहून जाते, एवढेच. किडनीचे काम बरेच घटले असेल किंवा ईसीजीत दोष असेल तर डॉक्टर त्याची मात्रा बदलतील. अ‍ॅझिथ्रोमायसिनसारखे हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारे औषध सोबत दिले जाणार असल्यास ईसीजी पाहिला आहे का, हे विचारणे योग्य आहे.

याउलट मायकोफिनोलेट, अ‍ॅझाथायोप्रिन आणि सायक्लोफॉस्फामाइड ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे गंभीर संसर्गात बहुधा काही काळ थांबवली जातात. तो निर्णय डॉक्टरांचा, आणि पुन्हा सुरू केव्हा करायची हे विचारून ठेवणे आपले काम. अ‍ॅझाथायोप्रिन घेणाऱ्या रुग्णाला युरिक अ‍ॅसिडसाठी अ‍ॅलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट दिले गेल्यास अस्थिमज्जेवर गंभीर परिणाम होऊ शकतो, ही जोडी ध्यानात ठेवावी. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिनमुळे प्रेडनिसोलोनचा परिणाम घटतो, म्हणून मात्रेचा पुनर्विचार करावा लागतो. रक्त पातळ करणारे वॉर्फरिन चालू असताना अनेक अँटिबायोटिकांमुळे आयएनआर (रक्त किती पातळ झाले ते दाखवणारा आकडा) चढतो, त्यामुळे तो एरवीपेक्षा लवकर लवकर तपासावा लागतो. रुग्ण घरून एखादे चूर्ण किंवा काढा घेत असेल तर तेही सांगावे. अशा काही पुड्यांत स्टिरॉइड किंवा जड धातू मिसळलेले आढळले आहेत, आणि ओरडा बसेल या भीतीने ते लपवण्यात रुग्णाचाच तोटा आहे.

ठरवून दाखल होताना

किडनीच्या बायोप्सीसाठी, स्टिरॉइडच्या मोठ्या मात्रेसाठी किंवा सायक्लोफॉस्फामाइडच्या सलाईनसाठी आधी तारीख ठरवून दाखल होता येते. बायोप्सीपूर्वी अ‍ॅस्पिरिन व रक्त पातळ करणारी औषधे केव्हा थांबवायची हे लेखी घ्यावे. गुठळ्यांचा इतिहास असेल तर ती स्वतःच्या मनाने मुळीच थांबवू नयेत. मेथिलप्रेडनिसोलोन सहसा तीन दिवस सलाईनमधून सावकाश दिले जाते. त्या काळात साखर व रक्तदाब वाढतो, झोप उडते, तोंडाला धातूसारखी चव येते. मनःस्थितीतही बदल होऊ शकतो. तो आढळल्यास "टेन्शनमुळे असेल" असे ठरवून न टाकता डॉक्टरांना सांगावे, कारण तो स्टिरॉइडचा परिणाम आहे की मेंदूपर्यंत पोहोचलेला ल्युपस आहे, हे त्यांना पाहावे लागते. सायक्लोफॉस्फामाइडच्या एका प्रचलित पद्धतीत ५०० मिलिग्रॅमच्या सहा मात्रा दर पंधरवड्याने देतात. त्या दिवशी सूज किंवा हृदयविकारामुळे पाण्यावर बंधन नसेल तर भरपूर पाणी प्यावे, आणि पुढील दोन आठवड्यांत ताप आल्यास ते विशेष गांभीर्याने घ्यावे, कारण त्याच सुमारास पांढऱ्या पेशी सर्वांत खाली गेलेल्या असतात. मूल हवे असेल किंवा गरोदर असण्याची शक्यता असेल, तर सायक्लोफॉस्फामाइड किंवा मायकोफिनोलेट सुरू होण्यापूर्वीच ते बोलावे. दोन्ही गर्भाला घातक आहेत.

खर्चाबाबत थोडक्यात. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या अंगीकृत रुग्णालयात आरोग्यमित्राचा कक्ष असतो. शिधापत्रिका व आधार कार्ड घेऊन दाखल होण्यापूर्वीच, किंवा आणीबाणीत दाखल होताच, तेथे जावे आणि ठरलेला उपचार योजनेच्या यादीत कोणत्या नावाने बसतो हे विचारावे, कारण योजना उपचारांच्या यादीवर चालते. खासगी विमा असेल तर ल्युपसची नोंद अर्जात केलेली असलीच पाहिजे. विमा नियामकाने २०२४ मध्ये आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाल जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणला आहे. आजार लपवून काढलेली पॉलिसी ऐन वेळी नाकारली जाण्यापेक्षा ही वाट पाहणे परवडते.

घरी सोडताना

अमेरिकेतील पाच राज्यांच्या नोंदींवर आधारलेल्या एका अभ्यासात ल्युपसमुळे दाखल झालेल्यांपैकी साधारण सहापैकी एका प्रसंगी रुग्ण तीस दिवसांच्या आत पुन्हा दाखल झाल्याचे दिसले. तेव्हा घरी सोडण्याचा दिवस बिल भरण्याच्या आणि गाडी शोधण्याच्या धावपळीत संपू देणे हिताचे नाही. त्या धावपळीसाठी एका माणसाची नेमणूक करावी आणि दुसऱ्याने डिस्चार्ज कार्ड हातात घेऊन निवासी डॉक्टरांजवळ बसावे.

कार्डावरील औषधे आणि आपल्या एक पानी कागदावरील औषधे शेजारी ठेवून ओळीने ताडून पाहावीत. कोणते औषध नवे आहे, कोणते बंद केले आहे, कोणते तात्पुरते थांबवले आहे आणि कोणते नुसतेच राहून गेले आहे, हे एकेक करून विचारावे. स्टिरॉइडपुढे "टेपर" (म्हणजे टप्प्याटप्प्याने कमी करणे) एवढाच शब्द असेल तर तो पुरेसा नाही. कोणत्या तारखेपासून किती मिलिग्रॅम हे लिहून घ्यावे. सध्या तज्ज्ञांचा कल दीर्घकाळासाठी प्रेडनिसोलोन रोज ५ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी ठेवण्याकडे आहे, परंतु तेथपर्यंत उतरण्याची गती प्रत्येकाची वेगळी असते आणि ती शेजारच्या खाटेवरील रुग्णावरून ठरवता येत नाही. कल्चर, बायोप्सी, प्रतिपिंडे यांपैकी कोणते अहवाल यायचे बाकी आहेत, ते कोठून व केव्हा मिळतील, याची यादी करावी, कारण रुग्ण घरी गेल्यानंतर आलेला अहवाल वाचण्याची जबाबदारी पुष्कळदा कोणाचीच नसते.

पुढील भेट एक ते दोन आठवड्यांच्या आत ठरवूनच रुग्णालय सोडावे आणि तिच्या आदल्या दिवशी रक्तपेशी, क्रिएटिनिन व लघवी यांची तपासणी करून जावे. त्या भेटीत लसीकरणाचा विषय काढावा. दरवर्षीची फ्लूची लस आणि न्यूमोकोकसची लस बहुतेकांना सुचवली जाते. जिवंत विषाणू असलेल्या लसी मात्र प्रतिकारशक्ती दाबलेली असताना सहसा टाळतात. रिटुक्सिमॅब हे प्रतिकारशक्ती दाबणारे इंजेक्शन द्यायचे ठरले असेल तर त्याआधीच लसी उरकाव्या लागतात, कारण नंतर कित्येक महिने त्यांचा परिणाम कमी होतो. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची मात्रा रुग्णाच्या आजच्या वजनावर, म्हणजे दर किलोमागे दिवसाला ५ मिलिग्रॅमच्या आत, बसते का हे पाहून घ्यावे, कारण लांबलेल्या आजारपणात वजन उतरलेले असते. या औषधाचा डोळ्यांवर परिणाम होऊ शकतो, म्हणून डोळ्यांची तपासणी राहिली असेल तर तिचीही तारीख घ्यावी. सरतेशेवटी एक पानी कागदावरील जुने आकडे काढून नवे घालावेत आणि दोघांच्याही मोबाइलमधील फोटो बदलावा.